गळक्या छपराचं विजयगीत

आमची घोडी नेमेआला देवराज झ्यूसच्या उत्सवातल्या शर्यतीत जिंकली तेव्हा स्वार तिच्या पाठीवर नव्हता. सुरुवातीलाच तिनं त्याला पाडलं, एकटीच धावली, खांबाला वळसाही बरोबर घातला आणि पंचांपुढे येऊन उभी राहिली. मालकही तिथं नव्हता. माझे यजमान थ्रासोन पोट बिघडलं म्हणून आयगिना बेटावर, घरीच होते. पण जिंकल्याचा मुकुट मालकाचा, आणि मुकुट आला की विजयगीत आलंच.

ते रचायला कवी एवागोन आमच्याकडे उतरले. आठ दिवसांत त्यांनी थ्रासोनना थेट झ्यूसच्या कुळात नेऊन बसवलं. मी दाराआडून ऐकत होते. मांडीवर मिक्कोस, सहा महिन्यांचा. बापाची एवढी स्तुती झाली की देवांना खुपतं, आणि खुपलं की त्यांना घरातलं सगळ्यात लहानच सापडतं.

कवींना जवाची भाकरी वाढताना मी म्हटलं, "भावोजी, गाण्यात थोडं वाईटही घाला ना."

"घालतोच वहिनी. 'माणूस मर्त्य आहे' हे प्रत्येक गाण्यात असतं."

"ते सगळ्यांचंच झालं. देव काय दुधखुळे आहेत? आमचं खास हवं."

"म्हणजे?"

"छप्पर गळतं. हे घोरतात. सासरे लढाईतून ढाल टाकून पळाले."

त्यांचा घास हातातच राहिला. "टाकून पळाले, की पळता पळता टाकली?"

"फरक पडतो?"

"वृत्तात दुसरं बसतं."

विजयोत्सवाच्या दिवशी शेजारचे बारा जण नाचत गायले. आधी झ्यूस, मग घोडी, मग पळती ढाल, घोरणं आणि छप्पर. थ्रासोन बिटासारखे लाल. तेवढ्यात कोळी फिलोन हसला, आणि लोकांनी छपराचं कडवं तीनदा म्हणायला लावलं. मला हायसं वाटलं. असल्या घरावर कोण जळणार?

जेवताना फिलोन कुरकुरला, "आमच्या छपराला काय धाड भरलीय? तेही गळतं. त्यावर कोणी केलं गाणं?"

"तुमचं नुसतं गळतं रे," थ्रासोन मिशीवर हात फिरवत म्हणाले. "आमचं वृत्तात गळतं."

दुसऱ्या दिवसापासून माणसं छप्पर बघायला येऊ लागली. वर बघायची, सुस्कारा सोडायची आणि मग पाळण्याकडे बघायची. तो हेव्याचा सुस्कारा मला ओळखू येतो. यांनी तर कौलाला हात लावायला बंदीच केली.

शेवटी मी मिक्कोसला पाठीशी बांधलं, चिखलाची टोपली घेतली आणि शिडी लावली.

"अगं ए, उतर खाली! चारचौघांत अब्रू घालवशील!" थ्रासोन ओरडले.

मी पहिलं भोक लिंपलं.

"वहिनी," कवी खालून कळवळले, "निदान एक तरी राहू द्या. अख्खं कडवं खोटं पडतंय."

"पडू दे," मी म्हटलं आणि पुढच्या भोकाकडे सरकले.