दहापैकी दहा

"दाबा काकी, परत दाबा!" वायफाय-बेल बसवणारा सहदेव अंगणातून ओरडला.

गौराबाईने खाटेवर बसल्या बसल्या गळ्यातलं मदतीचं बटण दाबलं. समोरच्या नंदाच्या घरात बेल वाजायला हवी होती. वाजली नाही. सहदेवने वहीत फुली मारली. दहा वेळा दाबून बेल वाजली होती तीनदा.

बटणावर काय अडलं होतं म्हणता? तीन आठवड्यांपूर्वी गौराबाई न्हाणीत पडली. एकटी बाई, वय पंच्याहत्तर. गळ्यातलं बटण दाबत राहिली; कोणी आलं नाही. दोन तास फरशीवर पडून होती. त्या दिवसापासून तिने नंदाशी बोलणं टाकलं होतं.

"ऐकून न ऐकल्यासारखी बसली ती," गौराबाई म्हणाली. "चाळीस वर्सांचा शेजार, आन् मला मरू दिलन."

"देवाशपथ, वाजलीच नाय ओ भाऊ!" नंदा आपल्या उंबऱ्यावरूनच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी काय काकीला अशी टाकीन?"

सहदेव तिच्या घरात शिरला आणि जागीच थबकला. देवाच्या फळीवर बेलचा डबा होता, आणि त्याला खेटून वायफायची पेटी. पेटीला हळदकुंकू लावलेलं. महिन्यापूर्वी त्यानेच ती बसवली होती. 'नवी वस्तू हाय, देवाजवळ ठेवा,' नंदा म्हणाली, आणि त्यानेही बाईचं मन कशाला मोडा म्हणून ठेवली. वीस वर्षं हेच काम करतोय, आणि एवढं सुचू नये? त्याला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.

त्याने पेटी बंद केली. बेल दहापैकी दहा वेळा वाजली. पेटी चालू केली, नंदाच्या नवऱ्याला मोबाईलवर मॅच लावायला सांगितली. परत तीनच.

मग पेटी ओटीवर नेऊन पार दुसऱ्या टोकाला टांगली, तिचा चॅनल बदलून बेलपासून लांबचा दिला. मॅच चालूच ठेवली. "दाबा काकी!" बेल वाजली. दहाच्या दहा वेळा वाजली.

गौराबाईसमोर तो मान खाली घालून उभा राहिला. "काकी, चूक माझी हाय. बेल आन् वायफाय लहरींच्या एकाच पट्ट्यात बोलतात. मीच दोघांना खेटून बसवलं. वायफायच्या कलकलाटात तुमची हाक दबली. नंदावहिनीचा काय दोष नाय."

"मेल्या," गौराबाई म्हणाली, "तीन आठवडे मी तोंड शिवून बसले, ते तुझ्या पायी?"

आणि तिने अकराव्यांदा बटण दाबलं. नंदा पिठाच्या हातांनी धावत आली. "काय झालं काकी?"

"काय नाय गं. तू येतेस का बघितलं."

नंदाने तिला मिठीच मारली. दोघी रडायला लागल्या. सहदेव हत्यारं गोळा करू लागला. सगळ्या घरांतली यंत्रं एकमेकांशी नांदवायची, हा त्याचा धंदा. त्याच्या घरात नांदायला कोणी उरलं नव्हतं. बायको छाया जाऊन दोन वर्षं झाली. लेक सोनाली नाशकात, सासरी. रविवारी फोन करायची.

"सहदेव, थांब रं." गौराबाईने फडताळातून दुसरं बटण काढलं. "जोडीत आलं होतं. ह्यांचं. आता पडूनच हाय. तू ने."

"माझ्या दहिवलीच्या खोलीवरून इथवर नाय पोचायचं, काकी. लय लांब."

"मला काय कळतंय त्यातलं? ने म्हणते ना!"

संध्याकाळी दहिवलीच्या खोलीत त्याने कुलूप काढलं, दिवा लावला. सवयीने मोबाईलवर सिग्नल तपासला. पट्टा मोकळा, अडथळा कसलाच नाही. जोडलेली यंत्रं : एक.

त्याने खिशातलं बटण काढून दाबलं. लाल दिवा लागला, विझला. कुठेच काही वाजणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी अंगण ओलांडून माणूस यायला लागतो तेवढा वेळ तो दाराकडे बघत बसून राहिला. मग उठून त्याने एका माणसाचा भात लावला.