कानातलं बोंड

हिंमतरावांनी सुरतेहून खिशातला रेडिओ आणला तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी. तापीकाठच्या त्या गावात तोवर दोनच रेडिओ होते, तेही पेटाऱ्याएवढे. हा मात्र सदऱ्याच्या खिशात मावायचा. पोस्टातून काढलेलं त्याचं लायसन हिंमतराव शेताच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवत. रेडिओला एक वायर होती आणि वायरीच्या टोकाला कपाशीच्या कोवळ्या बोंडाएवढी गोळी. ती कानात खुपसली की आवाज त्यांच्या एकट्याचा. सगळ्यांनी ऐकलं तर सेल लवकर उतरतात, असं त्यांचं शास्त्र होतं. शास्त्रापुढे कोण बोलणार?

त्यांच्या बायकोला, पार्वतीबाईला, ते बोंड पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलत होतं. घर मोठं, सासू तापीबाई दारातच बसलेली. नवऱ्याशी दिवसाउजेडी चार शब्द बोलायची सोय नाही. जे काही त्याच्या कानावर घालायचं ते संध्याकाळी, तो जेवायला बसला की, भाकरी वाढता वाढता. बावीस वर्षं तिचा सगळा संसार त्या अर्ध्या घटकेत बोलून झाला होता. आता त्याच अर्ध्या घटकेला मुंबईच्या केंद्रावर बाजारभाव लागायचे आणि कानात बोंड जायचं. मेली सवत परवडली, पण ही डबी नको, असं ती मनातल्या मनात म्हणायची.

मार्गशीर्षात त्यांच्या मुलीसाठी, रंजनासाठी, रनाळ्याचं स्थळ आलं. चाळीस बिघे जमीन, दोन विहिरी, मुलगा सुकलाल मॅट्रिकपर्यंत शिकलेला. सगळे खूश. पण त्या घरची थोरली सून पार्वतीबाईनं एका लग्नाच्या पंगतीत जवळून पाहिली होती. तिचं मनगट वाकडं सांधलेलं. "काय व्हयनं वं?" म्हणून विचारलं, तर पोरीनं आधी मागे वळून पाहिलं आणि मग म्हणाली, "पडनू." असं पडणं कसलं असतं ते बाईमाणसाला सांगावं लागत नाही.

त्या संध्याकाळी पार्वतीबाईनं भाकरी वाढली, तूप सोडलं आणि खालच्या आवाजात पण ठासून सांगितलं, "त्या घरमा मन्ही पोर देवानी नही. थोरलीना हात मी सोता देखेल शे. नही म्हनी निरोप धाडा."

हिंमतरावांनी मान हलवली. "हं."

"धाडतस ना?"

"हं, हं."

तिचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर आठ दिवस ती हलक्या पायांनी घरात वावरली. नवव्या दिवशी हिंमतराव चार माणसं घेऊन रनाळ्याला गेले आणि सुपारी फोडून, पेढ्यांची पुडी घेऊन परत आले.

"मी तुमले सांगेल व्हतं!" सासू समोर आहे हे विसरून ती ओरडली. "तुम्ही मान हालाई!"

"कव्हय?" हिंमतराव आठवू लागले, मग हसले. "अवं, तव्हय मी कपाशीना भाव ऐकी ऱ्हायंतू."

"मंग आते नही सांगा."

"जबान दिधी शे. थुकेल चाटू का?"

तापीबाईनं दारातूनच निकाल दिला, "बाईमानूसले इचारीसन सोयरीक करतस का कोनी?"

माघात लग्न लागलं. जेवणाच्या वेळी जावई रुसला. ताटाला हात लावीना. घड्याळ दिलं होतं, सायकल दिली होती, पण त्याची नजर सासऱ्याच्या खिशावर. हिंमतरावांनी अखेर रेडिओ काढून दिला, वायरीसकट. पोरीच्या बिदाईला त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लोक म्हणाले, बापाचं काळीज ते. पार्वतीबाईला ते रडणं कोणासाठी होतं ते पक्कं ठाऊक होतं. पण तिलाही, आईच असून, मनात कुठंतरी बरं वाटलं, की चला, पीडा टळली. आता या माणसाचा कान तरी मोकळा झाला. लाज वाटावी असंच ते बरं वाटणं होतं.

वैशाखात आखाजीला रंजना पहिल्यांदा माहेरी आली. गावच्या पोरी निंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या, ही चुलीपाशीच बसून राहिली. हातभर बांगड्या भरल्या होत्या, त्यातल्या निम्म्या एकीकडे सारून तिनं आईला मनगट दाखवलं. अजून वाकडं झालं नव्हतं. नुसतं काळंनिळं होतं.

"बापले सांग," पार्वतीबाई म्हणाली. "जेवताना सांग. आते त्यास्ना कानमा काही नही."

हिंमतराव आमरस-पोळी जेवायला बसले. रंजना समोर येऊन बसली. "नाना, माले परत धाडू नका. तुमना जवाई माले मारतस."

"हं." हिंमतरावांनी मान हलवली.

पार्वतीबाईच्या हातातली पळी थांबली. ऐकलं! बावीस वर्षांत एकदा तरी ऐकलं.

हिंमतरावांनी पोळीचा घास रसात बुडवला. "रेडिओ बराबर चालस ना त्यास्ना?"

रंजनानं बापाकडे पाहिलं. "चालस," ती म्हणाली. "मी रडस तव्हय त्या आवाज मोठा करतस."

हिंमतरावांनी पुन्हा मान हलवली, तशीच, मुंबईचे भाव ऐकताना हलायची तशी. "सांग त्यास्ले," ते म्हणाले. "असामा सेल लवकर उतरतस."

पार्वतीबाईनं वाकून आधी त्यांच्या उजव्या कानात पाहिलं, मग डाव्या. दोन्ही मोकळे होते. त्या बिचाऱ्या डबीला तिनं वर्षभर उगाच शिव्या दिल्या होत्या.