सहीचा रकाना

तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून अर्ज काढला, टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला आणि नवऱ्याच्या सहीवर बोट टेकवलं. ही सही तिला एका दाताला पडली होती.

सहा आठवड्यांपूर्वी ती याच दवाखान्यात आली, तेव्हा आठवा आठवडा चालू होता. पदरी चार मुलं, आणि फळं भरायच्या शेडमध्ये पोट दिसलं की मुकादम बाईला घरचा रस्ता दाखवायचा. पाचवं नको, पाडायचंय, एवढं बोलायला तिने कितीक दिवस धीर गोळा केला होता. सिस्टरने अर्ज लिहून घेतला, पण खालच्या रिकाम्या रकान्यावर पेन आपटत नवऱ्याची सही आण म्हणून बजावलं, आणि तिला वाटेला लावलं.

नवरा ट्रकवर, कुठल्या कुठे. विषय काढला की फोनच ठेवून द्यायचा. आला तो पाच आठवड्यांनी, आणि कोणाचं पोर म्हणून नाही नाही ते बोलला. हात उचलला तेव्हा सासूबाई उठल्या. वाटलं, मध्ये पडतील. त्यांनी दार तेवढं लावून घेतलं, शेजारी ऐकू जायला नको. हौस फिटल्यावर त्याने सही केली, तीही अशी झोकात, जणू मेहेरबानीच.

डॉक्टरीणबाई नव्याने बदली होऊन आलेल्या. त्यांनी तपासलं, मग अर्ज वाचला.

"चौदा आठवडे झालेत. बाराच्या पुढे इथे करता येत नाही, जिल्ह्याला भरती व्हावं लागतं. एवढा उशीर का केलात?"

जिल्ह्याला राहायचं, तर परत नवऱ्यालाच विचारणं आलं. तिने पुन्हा सहीवर बोट ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी त्या रकान्यावरची बारीक अक्षरं वाचली. "हा रकाना अठरा वर्षांखालच्या मुलींच्या पालकांसाठी आहे. तुमच्या एकटीच्या सहीवर काम झालं असतं. नवऱ्याची कोणी मागितली?"

सिस्टर तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती. ती थांबली. बावीस वर्षं तिने तो रकाना असाच भरून घेतला होता, ती अक्षरं कधी न वाचता. आसपासच्या दहा गावांत बाळंतपणाला दुसरं कोणी नव्हतं. आणि तोंड उघडणाऱ्या बाईला सिस्टर ऐन कळांत कशी तशीच पडू देते, हे पट्टा बांधून बसलेल्या तिने आपल्या मागच्या बाळंतपणात शेजारच्या खाटेवर पाहिलं होतं.

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जीभ दाताच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली.

"कोणी नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

डॉक्टरीणबाई सुस्कारा टाकून आत गेल्या. सिस्टरने पट्टा सोडला, ड्रॉवरमधून बाळंतपणाचं गुलाबी कार्ड काढलं आणि वळणदार अक्षरात तिचं नाव घातलं. आवाजात एकदम माया आली होती. गोळ्या वेळेवर घे, म्हणाली, जड उचलू नकोस.

तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"यावर त्यांची सही कुठे घ्यायची?"

"छे गं," सिस्टर म्हणाली. "याला कुणाचीच लागत नाही."