कागदी पलंग

घर पहिलं. हॉल लांब, स्वयंपाकघर अरुंद.

मी शिंपीण. कापडाला कात्री लावण्याआधी कागद कापायचा, ही हाताची सवय. लेकीलाही मीच शिकवली. म्हणून घरं बघायला निघालो तेव्हा तिनेच सगळ्या सामानाचं पेपर कटिंग केलं. तिचा पलंग, नातीचा पलंग, कपाट, माझं शिलाई मशीन, माझा पलंग. खऱ्या मापाचे खाकी कागद. रिकाम्या खोलीत अंथरायचे आणि मधून चालून बघायचं.

एजंट हसला. "मावशी, घर घेताय की ब्लाउज शिवताय?"

"माप चुकलं की दोन्ही काखेत काचतात," मी म्हणाले.

माझं घर विकायचं, त्यात लेक-जावयांचे पैसे घालायचे, चौघांना पुरेल असं एक घ्यायचं. त्यात मला स्वतंत्र खोली. बोलणं एवढंच झालेलं. पोटच्या पोरीशी कोण ठराव करतं?

घर दुसरं.

मोठं. जावई म्हणाले, "एवढं झाडणार कोण?"

घर तिसरं.

आणखी मोठं. माझ्या खोलीत मशीन खिडकीशी बसत होतं, उजेड डावीकडून. मी मनाने तिथे राहायलाही गेले.

"आई, मोठं घर म्हणजे मोठा घोर," लेक म्हणाली.

"घोर मला दे. खोली पण दे."

हसली. ते घर घेतलं नाही.

घर चौथं. नळ गळत होता, एवढंच आठवतं.

घर पाचवं.

लहान. नातीची शाळा जवळ, जावयांचं ऑफिस जवळ. दोघांचे चेहरे खुलले. मागच्या बाजूला एक खोली, म्हणायला खोली. लेकीने माझा कागद अंथरला. बसला. भोवती फिरायला जागाही उरली.

"बघ, कशी ऐसपैस."

मला पटलं. उगाच मोठ्याचा हट्ट धरला म्हणून मी स्वतःलाच दटावलं. माझ्या घराच्या विक्रीवर सही उद्याच करायची होती. मग गंमत म्हणून

(गंमत म्हणूनच. संशय नव्हता.)

मी कागदावर आडवी झाले.

पाय बाहेर. घोट्यापासून पुढे. टाचांना फरशी गार लागली.

मी काही उंच बाई नाही.

उठले. माझा कागद वितीने मोजला. पुढच्या खोलीत जाऊन तिचा मोजला. नातीचा. कपाटाचा. सगळे बरोबर. माझाच आखूड, रुंदीलाही कमी. कड सरळ, कोपरे काटकोनात. कच्च्या हाताचं काम नव्हतं.

"कधी कापलास?"

जावई खिडकीतून रस्ता बघायला लागले. एजंटने न वाजलेला फोन कानाला लावला.

"परवा," लेक म्हणाली. "हे घर आम्ही आधीच बघून गेलो होतो. अगं, नुसता कागद आहे. खरा पलंगही छोटा करून घेऊ, सुतार आहे ओळखीचा."

"आणि मी?"

"तू तशीही पाय दुमडूनच झोपतेस."

हे तिला ठाऊक असणारच. लहानपणी ती माझ्या पायथ्याशी झोपायची. तिला जागा व्हावी म्हणून दुमडलेले पाय, ते तसेच राहिले.

"मोठं झेपत नाही, आई. पण तसं सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस."

"सांगितलं असतंस तर केली असती. आता माझं घर विकायचं नाही."

"एकटी राहशील?"

"पाय पसरून."

मी चपला घातल्या. जिना उतरताना सावकाश उतरले, मागून पावलं येतील म्हणून. आवाज आला तो वरून. ती एजंटला विचारत होती, सहीला थोडा उशीर झाला तर चालेल का, आई दोन दिवसांत शांत होते.