लँट मेलेला नाही

पाद्री थिसलवुडनं आमचा शब्द मारून टाकला होता, आणि त्याच्या कोशाची यादी छापखान्यात जायला एकच दिवस उरला होता.

शब्द लँट. म्हणजे शिळं मूत. आमच्या क्रिम्सडेन गावात लोकर त्यातच धुतात. घरोघरचं पिंपात साठवायचं, आंबू द्यायचं. पाद्री यॉर्कशरच्या जुन्या शब्दांचा कोश करत होता. त्यानं लिहिलं, 'मूळ जुनं सॅक्सन. नॉर्स लोकांतही हाच शब्द. आता मृत, बोलणारं कोणी नाही.' मूळ बरोबर. बाकी थाप. माझी आई केझाया चाळीस वर्षं दारोदार लँट गोळा करतेय. साक्षीला तिचं नाव घाला, म्हणून मी तीन खेटे घातले.

"छापील पुरावा आण, जेरेड."

"आम्हाला कोण छापतं, साहेब?"

"नियम आहे तो."

आता शेवटचा दिवस. माग तसाच टाकून मी घरी पळालो.

"आई, चल. पाद्र्याकडे."

"ह्या घाण झग्यात?"

"ह्याच. बादली पण घे."

पाद्र्यानं नाकाला रुमाल लावला. "बाई, हे काय?"

"लँट. तुमचंच की! अकरा वर्षं दर सोमवारी तुमची मोलकरीण मागच्या दारानं देते. राग मानू नका साहेब, पण तुमचं पाणचट. वाइन नडते. त्या दुसऱ्या पंथाच्या चॅपलवाल्यांचं बघा, दारूचा थेंब नाही, लोकर कशी लख्ख निघते! तुमच्या अंगावरचा झगासुद्धा त्यांच्याच जिवावर."

दारात मोलकरीण फिस्सकन हसली. पाद्र्यानं लालबुंद होऊन 'मृत' खोडलं. वर 'जिवंत' लिहिलं. आई दोन दिवस हसत होती.

चार महिन्यांनी कोश गावच्या वाचनालयात आला. मी उभ्याउभ्याच पान उघडलं. 'लँट: क्रिम्सडेनमध्ये आजही बोलतात. साक्ष: रेव्हरंड थिसलवुड, स्वतः ऐकलेला.'

आईचं नाव कुठंच नाही.

टेबलावरची दौत ओढली आणि त्याचं नाव काळं केलं. शेजारी लिहिलं, केझाया ऑग्डेन. मग शाई वाळायच्या आत धावत जाऊन समोरच्या गल्लीतून आईला घेऊन आलो. तिला अक्षर येत नाही.

"हे बघ. तुझं नाव."

तिनं त्यावरून हळूच बोट फिरवलं. बोट काळं झालं. ती बोटाकडे बघत राहिली.

"छापलेलं असं सुटतं होय रे?"

 वाचनालयाचा कारकून खुर्ची सरकवून उठत होता.