कुंकू न सोसणारा नाग

"दिसला! दिसला!" शेजारच्या प्रयागबाई किंचाळल्या, आणि अंगणातली सगळी माणसं एकमेकांच्या खांद्यावरून पुढं झुकली.

रामहरीआबांच्या ओसरीवर टीव्ही आणून ठेवला होता. टीव्हीत आबांच्याच घराचा उंबरा दिसत होता आणि त्या उंबऱ्यावर काळाकुट्ट नाग फणा काढून डुलत होता. टीव्हीवरची नजर काढून खऱ्या उंबऱ्याकडं पाहावं, तर तिथं नागाचा पत्ता नाही. पुन्हा टीव्हीत पाहावं, तर नाग आहेच.

"साध्या डोळ्यांना दिसायचा नाही, माउली," बाजेवर मांडी ठोकून बसलेले त्रिनेत्र महाराज म्हणाले. "तुमचे डोळे टू-जी. आमच्या गुरूंनी दिलेला हा तिसरा डोळा फाइव्ह-जी! सायन्स जिथं आज पोचलंय, तिथं आमचे गुरू चहा पिऊन परत आलेत."

तिसरा डोळा म्हणजे भगव्या मखमली कव्हरात घातलेला मोबाइल; त्याच्या कॅमेऱ्यापुढचं सगळं टीव्हीवर दिसत होतं. पण त्याला मोबाइल म्हणायची कुणाची छाती नव्हती. शिवाय महाराज मोठे धोरणी. त्यांनी तो स्वतःच्या हातात धरलाच नव्हता. "आमचा हात नको, संशय नको. घरच्या कर्त्यानं धरावा," असं म्हणून त्यांनी तो आबांच्या हातात दिला होता. आबा तीर्थाचा तांब्या धरावा तसा तो दोन्ही हातांनी धरून, उंबऱ्याकडं रोखून उभे होते.

"ही तुमच्या वास्तूची राखण," महाराज डोळे मिटून म्हणाले. "कोपली आहे. पोरीच्या पोटात रोज केमिकल जातंय. त्या केमिकलची फ्रीक्वेन्सी देवतेला सोसत नाही. म्हणून पोरीला आकडी येते. दिवस मावळायच्या आत औषध उजनी धरणाच्या पाण्यात सोडा. पुन्हा थेंब देऊ नका."

आबांच्या सुनेनं, स्वरदानं, कडेवरच्या लेकीला घट्ट धरलं.

पाच वर्षांची श्रिया. गेल्या वर्षी तिला फिट येऊ लागल्या. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी पातळ औषध सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ. त्यांनी बजावून सांगितलं होतं, "एकही डोस चुकवायचा नाही. आणि मनानं बंद तर मुळीच करायचं नाही, जिवावर बेतेल." औषधानं फिट थांबल्या. मग परवा एका लग्नाच्या गडबडीत डोस राहिला आणि भर मांडवात पोर थरथरत कोसळली. तेव्हापासून सासूबाईंचा, रंगूबाईंचा, औषधावरचा विश्वास उडाला. महाराजांना बोलावणं त्यांनीच धाडलं होतं. आत्ताही त्यांच्या हातातल्या पिशवीत नारळ, खण आणि श्रियाच्या औषधाची बाटली होती.

बाटली काय, भिगवणहून दुसरी आणता आली असती. पण उंबऱ्यावर नाग बसलाय असं मानणाऱ्या घरात ती पोरीच्या ओठापर्यंत पोचली नसती. स्वरदाचा नवरा लोणी देवकरला कंपनीत पाळीवर होता. संध्याकाळच्या डोसची वेळ होत आली होती.

"आत्या," ती सासूबाईंना म्हणाली, "डॉक्टरांना एक फोन तरी करू द्या."

"डॉक्टरला नाग दिसतो व्हय?" रंगूबाईंचा आवाज कापत होता. "माझी नात हाय ती, स्वरदा. मला काय हौस हाय का?"

तेवढ्यात श्रियानं टीव्हीकडं बोट केलं आणि टाळी वाजवली.

"आई, आपला जिभल्या!"

स्वरदानं टीव्हीकडं नीट पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे.

श्रिया दुपारी झोपली की स्वरदा जुना लॅपटॉप उघडून बसायची. घरात सगळ्यांना वाटे, सून खेळत बसते. ती खेळत नव्हती, खेळ बनवत होती, लेकीसाठी. उजनीच्या फुगवट्यावर येणारा एक रोहित पक्षी चिखलातून लांब टांगा टाकत चालतो आणि वाटेतल्या नागाला चुकवतो, एवढाच खेळ. नागाचं चित्र तिला स्वतःला जमेना, म्हणून इंटरनेटवर कुणीतरी फुकट वाटलेला नाग तिनं उतरवून घेतला होता. त्या नागात एक खोट होती. तोंड मिटलेलं असतानाही त्याची जीभ हनुवटी फोडून बाहेर यायची. श्रिया खदखदून हसायची. नावही तिनंच ठेवलं होतं, जिभल्या.

आबांच्या उंबऱ्यावरच्या राखणदाराची जीभ हनुवटी फोडून लवलवत होती.

पण हा फुकटचा नाग बरोबर उंबऱ्यावरच कसा येऊन बसतो? स्वरदाची नजर उंबऱ्यावर चिकटवलेल्या यंत्रावर गेली. सकाळीच महाराजांच्या शिष्यानं तो गुळगुळीत, नक्षी छापलेला पुठ्ठा तिथं डकवला होता आणि ताकीद दिली होती की, यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही. त्यावर जराही सावली पडू द्यायची नाही. रंगूबाई रोज उंबरा पुजायच्या. आज त्यांचं बोट कुंकवात बुडून तसंच मागं आलं होतं. दिवसभर त्या चुटपुटत होत्या.

कुंकू न सोसणारा कसला देव? स्वरदाला उलगडा झाला.

"महाराज," ती पुढं झाली, "हा नाग माझ्या लॅपटॉपमध्ये आहे."

महाराज हसले. "सूनबाई, गेम आणि गुरू यांत फरक असतो."

"असतो ना. गेम बनवणारा सांगतो की हा गेम आहे."

कोपऱ्यातून विजयसिंह फिसकन हसला. गावातल्या कुठल्याही भांडणात हजर राहायचा त्याचा शिरस्ता.

स्वरदानं श्रियाला खाली ठेवलं आणि उंबऱ्यावरचा पुठ्ठा खसकन उपटला.

"हात लावू नका! डसेल!" महाराज ओरडले.

टीव्हीत नाग उचलला गेला. स्वरदाच्या तळहातावर वेटोळं घालून तो डुलू लागला. बाया किंचाळल्या. सगळं ठाऊक असूनही तिनं क्षणभर नजर फिरवली. आपल्याच हातावर नाग बघणं सोपं नसतं.

"आबा, फोन माझ्यामागं फिरवा."

आबा घुटमळले. महाराजांकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग त्यांनी फोन वळवला.

स्वरदानं पुठ्ठा महाराजांच्या मांडीवर ठेवला. टीव्हीत नाग महाराजांच्या दाढीशेजारी फणा हलवू लागला.

"हलू नका, महाराज!" विजयसिंह ओरडला. "तुमच्याच घरची राखण दिसतीया!"

हशा पिकला. पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "पाहिलंत? देवता गुरूकडे आली! शांत झाली! आता फक्त त्या औषधाचं विसर्जन करा!"

हशा विरला. प्रयागबाईंनी हात जोडले, त्यांचं बघून आणखी दोघींनी. स्वरदाला कळलं, आपल्या बोलण्यानं आता भागायचं नाही.

"आत्या, देवाचं आहे ना हे? मग सकाळी राहिलेलं कुंकू लावा."

"नको! कुंकू नको!" महाराज एवढ्या घाईनं ओरडले, की रंगूबाई चमकल्या.

त्या सावकाश आत गेल्या, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि बाजेपुढं उभ्या राहिल्या.

"लगीन हून ह्या घरात आले तवापासनं उंबऱ्याचं कुंकू कधी चुकलं न्हाय माझं. घरात मयत असलं तरच. आज तुमच्या सांगण्यानं चुकलं. आन देवाला कुंकू सोसत न्हाय म्हंता?"

त्यांनी मूठभर कुंकू पुठ्ठ्यावर थापलं.

नाग गेला. टीव्हीत नुसती महाराजांची मांडी उरली.

रंगूबाईंनी टीव्हीकडं पाहिलं. मग पदरानं पुठ्ठा पुसला. नाग आला. पुन्हा कुंकू थापलं. गेला. पुन्हा पुसला. आला.

"ह्यो कसला नाग गं?" त्यांनी विचारलं. आवाज आता कापत नव्हता.

"चित्रातला, आत्या. या पुठ्ठ्याचा फोटो फोनला आधीच ओळखायला शिकवून ठेवलाय. कॅमेऱ्याला पुठ्ठा दिसला की त्यावर नाग दाखवायचा, एवढंच फोनला कळतं. कुंकवानं नक्षी झाकली की फोनला ओळख पटत नाही. अंधारातही पटत नाही, म्हणून सावली नको. घरच्या लॅपटॉपवर मीसुद्धा हे करू शकते. देव नाही, राखण नाही, कोप नाही."

"आन पोरीला फिट का आली मग?"

"लग्नात डोस राहिला म्हणून."

आबांनी मखमली कव्हरातला फोन महाराजांच्या हातात ठेवला. "घ्या. तुमच्या तिसऱ्या डोळ्याचं चार्जिंग बी संपत आलंय."

महाराज शाप देत उठले. पण कुंकवानं धोतर माखलेला माणूस शाप देताना फारसा भीतिदायक दिसत नाही. शिष्यानं पुठ्ठ्याकडं हात केला, तेव्हा रंगूबाईंनी तो पदराखाली घातला. "ह्यो ऱ्हाऊ दे हितंच."

गाडी धुरळा उडवत गेली. रंगूबाईंनी पिशवीतून औषधाची बाटली काढली, पदरानं पुसली आणि नातीला मांडीवर घेतलं. "किती द्यायचं गं?" स्वरदानं झाकणावरची रेघ दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून बरोबर त्या रेघेपर्यंत औषध ओतलं. श्रियानं तोंड वेडंवाकडं करत ते गिळलं.

"उद्या त्यो माळेगावला माझ्या माहेरी यायचा हाय," प्रयागबाई खालमानेनं म्हणाल्या. "माझ्या भावाला दम्याचा पंप बंद कर म्हनलाय."

रंगूबाई उठल्या. "स्वरदा, तुझी स्कूटी चालू हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माळेगावच्या रस्त्यानं एक स्कूटी निघाली. पुढं सून, मागं पदर खोचलेली सासू. तिच्या एका हातात पुठ्ठा, दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा.

फोन, टीव्ही, इंटरनेट ही सगळी माणसानं बनवलेली साधनं आहेत. त्यांत दिसलं म्हणून ते खरं होत नाही. झाकून बघा, हलवून बघा, पुसून बघा, पुन्हा पुन्हा बघा. जे खरं आहे ते आपल्या हात लावण्याला भीत नाही. आणि 'हात लावू नका, विचारू नका, औषध बंद करा' असं सांगणारा कुणी दारात आला, तर उंबरा तुमचा आहे. त्याला ओलांडू द्यायचा की नाही, हे तुमच्या हातात आहे.