कॅन्टीनमधली साक्ष

जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरापासून तासाभरावरचं ते गाव रेल्वेच्या कारखान्याभोवतीच वाढलेलं. तिथे दीडशे वर्षं डबे दुरुस्त होत होते आणि कामगारांचे गटही तितकीच वर्षं एकमेकांच्या उरावर बसत आले होते. यंदा बेट्रीब्सराटच्या, म्हणजे कामगार परिषदेच्या निवडणुकीत हे वैर फारच विकोपाला गेलं. जुन्या युनियनसमोर होल्गरचं नवं पॅनल उभं होतं. घोषणा एकच, ‘आधी आपली माणसं.’ पत्रकं फाडली जात होती, गाड्यांचे टायर फोडले जात होते.

ब्रेक विभागातली इंजिनिअर सुमेधा युनियनकडून उभी होती.

“कशाला मध्ये पडतेस? आपण इथे परके,” नवरा, जीवन म्हणाला होता.

“म्हणूनच.”

मतदानाच्या आदल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये सभा झाली. होल्गर बोलायला उठताच युनियनचा पुढारी रोल्फ अंगावर धावून गेला आणि त्याने त्याला ढकललं. होल्गरचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्त दिसताच दोन्हीकडच्यांनी खुर्च्या उचलल्या. सुमेधा धावली, होल्गरच्या जखमेवर तिने आपला स्कार्फ दाबून धरला.

“थांबा! मरेल तो!”

खुर्च्या हळूहळू खाली आल्या.

पोलीस यायच्या आत रोल्फने तिला बाजूला घेतलं. “तू सगळ्यांत जवळ होतीस. सांग, आधी हात त्याने उचलला.”

“त्याने नाही उचलला.”

“तो जिंकला तर पहिली पाळी तुझ्यावरच येईल, सुमेधा.”

ते खरंच होतं. ‘आपल्या देशात जा,’ असं होल्गरने महिन्यापूर्वी तिला तोंडावर सुनावलं होतं. पण पोलिसांनी विचारल्यावर तिने पाहिलं तेच सांगितलं.

रोल्फवर गुन्हा दाखल झाला. युनियन एका जागेने हरली. सुमेधा निवडून आली, पण तिच्याच गटातली माणसं तिच्याशी बोलेनाशी झाली.

पहिल्याच बैठकीत, कपाळावर टाके घेऊन अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या होल्गरने ठराव मांडला: परदेशी कामगारांचे जर्मनचे वर्ग बंद करावेत.

“विरोधात कोण?”

सुमेधाने हात वर केला. एकटीने.

“तुझी साक्ष मी विसरलेलो नाही,” होल्गर हळूच म्हणाला.

“तिचा इथे काही संबंध नाही.” हात वरच होता.

मग युनियनचे बाकीचे हातही एकेक करून वर झाले. तरीही एका मताने ठराव मंजूर झाला.

बाहेर पडताना युनियनमधली वेल्डर उटे तिच्याजवळ आली. इतके दिवस तिने सुमेधाकडे पाहिलंही नव्हतं.

“वर्ग आपणच घेऊ,” ती म्हणाली. “माझ्या घरी जागा आहे.”